स्विफ्टचे शॉकअप बदलताना: स्प्रिंगला हात लावायच्या आधी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. २०१४ ची स्विफ्ट डिझेल, ९८ हजार किलोमीटर झालेली. नोकरी पुण्यात, घर सावंतवाडीला. महिन्यातून एकदा-दोनदा कोल्हापूरवरून आंबोली घाटानं येणं-जाणं. मागे आई-वडील आणि डिकीत सामान असलं की गतिरोधकावर गाडी खालून घासते, ऐंशी-नव्वदच्या वेगात लांब उंचवटा आला की हेलकावे खाते, आणि फुटलेल्या रस्त्यावर पुढून खडखड येते. मागे बसून आईची कमर दुखते. गॅरेजवाल्यानं मागच्या स्प्रिंगमध्ये रबर बसवायला सांगितलंय. मित्र म्हणतो लोअरिंग स्प्रिंग (गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग) टाक, गाडी रस्त्याला चिकटून चालेल. शॉकअप गॅसचे घ्यावेत की ऑईलचे, कंपनीचे की बाहेरचे, हेही ठरत नाहीये.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात सव्वीस वर्षं शॉकअप, स्प्रिंग आणि स्टिअरिंगचंच काम करतोय. आधी उत्तर देतो, मग कारणं. चारही शॉकअप नवे घ्या, चांगल्या कंपनीचे, कमी दाबाच्या गॅसचे. स्प्रिंग मूळ उंचीच्याच ठेवा, आणि त्या बसल्या असतील तरच बदला. रबर नको. लोअरिंग तर अजिबात नको. आणि खडखड शॉकअपची आहे हे आत्ता धरून चालू नका, ती बहुतेक दुसरीकडची निघेल.

आता सविस्तर.

स्प्रिंगचं काम गाडीचं वजन तोलून धरण्याचं आणि खड्ड्यात चाकाला खाली-वर होऊ देण्याचं. ती दबली की पुन्हा उसळणारच, आणि एकदा उसळली की झुलत राहणार. ते झुलणं जागच्या जागी थांबवणं हे शॉकअपचं काम. आतला पिस्टन बारीक भोकांतून आणि झडपांतून तेल ढकलतो, त्या हालचालीची उष्णता होते आणि ती हवेत जाते. म्हणजे शॉकअप गाडीचं वजन पेलत नाही. 'मागून गाडी बसते म्हणून कडक शॉकअप टाका' असं कुणी म्हणालं तर त्याच्या डोक्यात या दोन कामांची गल्लत आहे. बसलेली गाडी शॉकअप उचलत नाही आणि हेलकावणारी गाडी स्प्रिंग थांबवत नाही. तुमच्या तक्रारीत दोन्ही गोष्टी मिसळल्यात, म्हणून त्या वेगळ्या काढायला हव्यात.

हेलकावे ९८ हजारानंतर येणारच. आपल्या रस्त्यांवर माझ्या हिशेबानं कंपनीचे शॉकअप साठ ते ऐंशी हजारांत थकतात, मग बाहेरून तेल गळत असो वा नसो. मागच्या पावसाळ्यात अशाच एका गाडीचा मागचा शॉकअप मी शिकाऊ पोरांसाठी उभा कापला. बाहेरून कोरडा, रंगही शाबूत. आतलं तेल मात्र डांबरासारखं काळं आणि पाण्यासारखं पातळ झालेलं, बोटावर घेतलं तर चांदीसारखी बारीक चमक. ती चमक म्हणजे पिस्टन आणि नळीची झीज. झडपेच्या पातळ चकत्या एकावर एक असतात, त्यातली एक कडेला चिरलेली होती. गाडीचा मालक शपथेवर सांगत होता की गाडी चांगली चालते. हे रोज थोडं थोडं होत जातं, त्यामुळे रोज चालवणाऱ्याला कळत नाही.

बोनेटवर दाब देऊन गाडी किती वेळा हलते ते बघायची जुनी परीक्षा आता फारशी उपयोगाची नाही. पूर्ण मेलेला शॉकअपच त्यात सापडतो, अर्धमेला सुटून जातो. त्याऐवजी टायर बघा. टायरच्या पृष्ठभागावरून गोलाकार दिशेनं तळहात फिरवा. एक जागा उंच, पुढची खोल, परत उंच, अशा लाटा हाताला लागल्या तर शॉकअप चाकाला रस्त्यावर दाबून ठेवत नाहीये. दुसरं म्हणजे ओला तेलाचा ओघळ. रॉडच्या मुळाशी धुळीसह नुसता ओलसर थर असला तर घाबरायचं कारण नाही, सीलला थोडं तेल लागतंच. नळीवरून खाली ओघळ आला असेल तर तो गेला.

आता लोअरिंगकडे येतो, कारण तुमचा खरा पैसा आणि गाडीचं खरं नुकसान तिथे आहे.

तुमच्या पिढीच्या स्विफ्टची जमिनीपासूनची उंची कंपनीच्या कागदावर १७० मिमी. आयबाख या जर्मन कंपनीच्या प्रो-किटसारख्या चांगल्या लोअरिंग स्प्रिंगसुद्धा छोट्या गाडीला साधारण २५ ते ३० मिमी खाली बसवतात. म्हणजे रिकाम्या गाडीत उरले १४०. मागे दोन माणसं, पुढे दोन आणि डिकीत आंब्याच्या पेट्या. मागच्या दोन्ही स्प्रिंगची ताकद मिळून, समजा, दर मिलिमीटरला चार किलो असेल आणि मागच्या चाकांवर दोनशे किलो वाढले, तर मागची बाजू आणखी ५० मिमी बसते. गाडीच्या मधोमध त्याचा निम्मा, २५ मिमी धरा. १४० चे राहिले ११५. पुढचे दोघं बसले तेही थोडं खाली नेतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनात गोल माथ्याच्या गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर आणि रस्त्याच्या दिशेनं लांबी ३.७ मीटर सांगितली आहे, गाड्यांनी ताशी २५ किमीनं तो ओलांडावा म्हणून. तेवढ्या लांब उतारावर गाडी अलगद चढते. पण गावाच्या वेशीवर एका रात्रीत घातलेला सिमेंटचा बांध दीड वीत रुंद आणि याहून उंच असतो. तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये येतो तेव्हा खालून घासणार नाही तर काय होणार?

घासणं निदान ऐकू तरी येतं. त्याहून वाईट जे होतं ते दिसत नाही. गाडी ३० मिमी खाली आली म्हणजे चाकाला वर जायला असलेली जागाही ३० मिमीनं कमी झाली. छोट्या गाडीत रिकाम्या अवस्थेपासून बंप स्टॉपला (शॉकअप पूर्ण दबला की शेवटचा दणका घेणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत पुढच्या शॉकअपला मुळातच बोटं मोजून अंतर असतं. मी ते असं मोजतो: डस्ट बूट, म्हणजे रॉडवरचं धूळ अडवणारं आवरण, वर सरकवून रॉडवर, अगदी नळीला टेकवून, एक प्लॅस्टिकची बारीक केबल टाय बांधतो. मग गाडी नेहमीच्या रस्त्यावर दहा किलोमीटर फिरवून आणतो. खड्ड्यात शॉकअप जितका दबला तितकी ती टाय रॉडवर वर ढकलली गेलेली असते, आणि बंप स्टॉपला लागली की तिथेच चिरडलेली सापडते. तुम्हीही करून बघा, वीस पैशांची वस्तू आहे. लोअरिंग केलेल्या ज्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यातल्या बहुतेकांची टाय पहिल्याच फेरीत वरपर्यंत गेली. म्हणजे त्या गाड्या स्प्रिंगवर चालतच नव्हत्या, बंप स्टॉपच्या रबरावर चालत होत्या. मग दणका थेट शॉकअपच्या वरच्या वाटीला, जी त्याला बॉडीशी जोडते, तिथून बॉडीला आणि मागे बसलेल्या माणसाच्या कमरेला. तुमच्या मित्राची गाडी गुळगुळीत रस्त्यावर रस्त्याला चिकटून चालते, हे खरं आहे. खड्ड्यात मात्र लोअर केलेल्या गाडीचं चाक रस्ता सोडतं, कारण त्याला वर जायला जागाच नसते.

लोअरिंग स्प्रिंग कडक का करतात तेही समजून घ्या. जागा कमी झाली तर कमी अंतरात तेवढाच दणका झेलायला स्प्रिंग कडक करावीच लागते. समजा पुढच्या एका चाकावर गाडीचं ३०० किलो वजन आहे आणि स्प्रिंग दर मिलिमीटरला २४ न्यूटनची, म्हणजे साधारण अडीच किलोची. अशी गाडी मोकळी झुलली तर सेकंदाला १.४ वेळा झुलेल. रोजच्या वापराच्या गाड्या १ ते १.५ च्या दरम्यान ठेवतात, माणसाच्या शरीराला ते सोसतं. तीच स्प्रिंग ३० टक्के कडक केली तर आकडा १.६ वर जातो. आणि तेव्हा शॉकअपलाही साधारण १४ टक्के जास्त जोर लावावा लागतो, कारण तो स्प्रिंगच्या कडकपणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. थकलेल्या शॉकअपवर नवी कडक स्प्रिंग टाकणं हा मी पाहिलेला सर्वात महागडा चुकीचा निर्णय आहे. गाडी कडकही होते आणि उसळतेही, आणि उरलेला शॉकअप सहा महिन्यांत संपतो.

बिलस्टीन या जर्मन शॉकअप कंपनीची यादी बघितली तर हेच दिसेल. बी४ मूळच्या जागी बसणारा, बी६ मूळ उंचीच्या स्प्रिंगसाठी पण जोरदार, आणि बी८ खास लोअरिंग स्प्रिंगसाठी आखूड केलेला. म्हणजे कंपनी स्वतःच सांगते की गाडी खाली आणायची तर शॉकअपही वेगळा हवा. आपल्याकडे मात्र निम्मे लोक नुसत्या स्प्रिंग आणून टाकतात.

स्प्रिंग कापणं तर कुणाच्याही मनात येऊ नये. माझ्या उमेदवारीच्या दिवसांत मी ते केलंय, म्हणून सांगतो. एका गिऱ्हाइकाच्या आग्रहाखातर छोट्या गाडीच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगचा एकेक वेढा कापला. गाडी दिसायला छान खाली आली. पंधरा दिवसांनी राधानगरीच्या रस्त्यावर उंचवट्यावरून मागचं चाक हवेत लोंबलं, कापलेली स्प्रिंग बैठकीत सैल झाली आणि वाकडी होऊन बसली. टायर आतून घासत घासत फाटला. माणूस वाचला, गाडी शेतात गेली. त्या घरी मी स्वतः जाऊन आलो आणि त्या दिवसापासून माझ्या गॅरेजमध्ये स्प्रिंगला कटर लागलेला नाही. वेढा कापला की स्प्रिंग खाली तर येतेच, शिवाय कडक होते: सहा चालू वेढ्यांतला एक गेला की ताकद वीस टक्क्यांनी वाढते. आणि मोकळी लांबी इतकी कमी होते की चाक लोंबल्यावर तिला धरून ठेवायला काही उरत नाही. गॅसनं तापवून बसवलेली स्प्रिंग त्याहून वाईट. तापवलं की पोलादाचं पाणी उतरतं, आणि ती पुढे बसतच जाते.

आता रबर. स्विफ्टच्या मागे बीम ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा दांडा आहे, तिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. म्हणून वेढ्यांच्या मध्ये रबराचा ठोकळा घुसवणं सोपं जातं, दहा मिनिटांत काम होतं आणि गाडी लगेच दोन बोटं उचललेली दिसते. तो ठोकळा एक-दोन वेढ्यांना काम करू देत नाही. बाकीच्या वेढ्यांवर सगळा ताण येतो, रबराच्या कडेला तार सारखी एकाच जागी वाकते. त्यात रबराखाली पाणी आणि माती साचते, रंग उडतो, गंज धरतो. तुमची गाडी सावंतवाडीला जाते, तिथला पाऊस आणि दमट हवा तुम्हाला माहीत आहे. कोकणातून येणाऱ्या गाड्यांत तुटलेली स्प्रिंग बहुधा दोन ठिकाणी तुटलेली दिसते, एकतर अगदी खालच्या वेढ्याला जिथे चिखल बसतो, नाहीतर या रबराच्या बाजूला. एकदाच खूप सामान न्यायचं असेल तर तो वेगळा विषय. कायमचा इलाज म्हणून नाही.

मग मागून गाडी बसते त्याचं काय? आधी ती खरंच बसलीय का ते मोजा. रविवारी सकाळी सपाट जागेवर, गाडी रिकामी, टायरमध्ये दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेली हवा. (पंपावर चाळीसपर्यंत हवा भरून घेणारे खूप जण आहेत. टायर ही गाडीची पहिली स्प्रिंग आहे, ती दगडासारखी केली तर पुढचं सगळं बोलणं वाया.) गाडी पंधरा-वीस फूट पुढे-मागे करून उभी करा, म्हणजे चाकं ताणून बसणार नाहीत. मग प्रत्येक चाकाच्या मधल्या बिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपनं मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरची झीज त्यात येते. डावं-उजवं दहा मिमीपेक्षा जास्त वेगळं असेल तर एखादी स्प्रिंग बसलीय किंवा टोकाला तुटलीय. नंतर नेहमीची माणसं आणि सामान घेऊन परत मोजा. त्याच मॉडेलची, त्याच इंजिनची कमी चाललेली गाडी ओळखीत असेल तर तिची मापं शेजारी लिहा. मागचं माप त्या गाडीपेक्षा पंधरा-वीस मिमी कमी असेल तर मागच्या दोन्ही स्प्रिंग नव्या घ्या, कंपनीच्याच.

इथे एक समजूत दूर करतो. जुनी स्प्रिंग 'मऊ' होत नाही. तिची ताकद तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरते, आणि पोलाद तेच राहतं. गंजानं तार खाल्ली नसेल तर जुन्या स्प्रिंगची ताकद नव्याइतकीच असते, फक्त तिची उंची कमी होते. म्हणून मोजायची ती उंची. आणि तारेची जाडी व्हर्नियरनं बघायची, कारण ताकद जाडीच्या चौथ्या घातानं बदलते. १२ मिमीच्या जागी १३ मिमीची तार आली तर, बाकी सगळं तेच असताना, स्प्रिंग ३८ टक्के कडक होते. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. बाजारात 'स्विफ्टची स्प्रिंग' म्हणून जी सरसकट मिळते ती कुणाची आहे हे यामुळे बघावं लागतं. तुमच्या डिझेलचं रिकामं वजन हजार ऐंशी किलोच्या आसपास, पेट्रोल गाडी त्याहून शंभरेक किलो हलकी, आणि तो फरक जवळजवळ सगळा पुढच्या चाकांवर आहे. पेट्रोलची पुढची स्प्रिंग डिझेलला टाकली की नाक खाली, उलट केलं की नाक वर. स्प्रिंगवर रंगाचे ठिपके असतात ते यासाठीच. जुन्यावरचे ठिपके दिसत असतील तर फोटो काढून ठेवा, आणि पार्टनंबर चेसिस नंबरवरूनच काढून घ्या. परदेशातून स्विफ्ट स्पोर्टचा सेट मागवणाऱ्यांनाही मी हेच सांगतो. तुमच्या पिढीच्या स्पोर्टमध्ये १.६ पेट्रोल इंजिन आहे, त्या स्प्रिंग त्या वजनासाठी आणि त्या रस्त्यांसाठी बनवलेल्या आहेत.

मागे बसणाऱ्याच्या त्रासाबद्दल अजून एक गोष्ट, कारण तुम्ही आईच्या कमरेचा उल्लेख केलाय. १९३० च्या दशकात मॉरिस ऑली हा ब्रिटिश इंजिनिअर अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये नेमका याच प्रश्नावर काम करत होता. त्यानं दाखवलं की पुढची बाजू थोडी सावकाश आणि मागची थोडी जलद झुलायला हवी. उंचवटा आधी पुढच्या चाकाला लागतो. तुमच्या गाडीच्या दोन चाकांत २.४३ मीटर अंतर आहे, म्हणजे ताशी ८० च्या वेगात मागचं चाक सेकंदाच्या नवव्या भागात तिथे पोचतं. मागची बाजू थोडी जलद असली तर ती पुढच्या झुलण्याला गाठते आणि गाडी सपाट खाली-वर होते, घोड्यासारखी पुढे-मागे डुलत नाही. गाडी बनवणाऱ्यांनी हे गणित जमवून दिलेलं असतं. फक्त पुढे कडक स्प्रिंग, किंवा पुढचेच शॉकअप नवे आणि मागचे जुने, असं केलं की ते बिघडतं. पैसे वाचवायला 'सध्या पुढचे दोन करू' म्हणणाऱ्यांना मी सांगतो, थोडं थांबा आणि चारही एकदम करा. एका बाजूचा एकच तर कधीच नाही.

आता कोणते घ्यायचे ते.

गॅस की ऑईल हा प्रश्न तसा अर्धाच आहे, कारण गॅसच्या शॉकअपमध्येही काम तेलच करतं. वर थोडा नायट्रोजन दाबानं भरलेला असतो, इतकंच. फायदा असा की सततच्या खड्ड्यांत तेलात हवा मिसळून फेस होत नाही. फेस झाला की पिस्टन तेलाऐवजी बुडबुडे ढकलतो आणि शॉकअप तेवढ्यापुरता हात टेकतो. आंबोलीची चढण संपून पुढे फुटका रस्ता लागला की गाडी अचानक सैल वाटते, ते बऱ्याचदा हेच. म्हणून कमी दाबाचा, दोन नळ्यांचा गॅस शॉकअप मी तुमच्यासाठी सुचवतो. गॅब्रिएल आपल्याकडे १९६१ पासून आहे आणि मारुतीला गाडीसोबतच शॉकअप पुरवते. मन्रो आणि जपानची केवायबी याही भरवशाच्या. यातला तुमच्या डिझेल मॉडेलच्या नंबराचा जो खात्रीच्या वितरकाकडे मिळेल तो घ्या. मारुतीच्या काउंटरवरून घेतलात तर थोडे जास्त पैसे जातील, पण चुकीचा येण्याची भीती राहत नाही. नकली मालाचा सुळसुळाट आहे. खोक्यावरचा आणि नळीवरचा नंबर जुळतो का बघा, आणि रॉड हातानं दाबून सोडा: गॅसचा असेल तर तो सावकाश, एकसारखा आपोआप वर येतो. मध्येच अडला किंवा अर्ध्यावर सैल झाला तर परत द्या.

एका नळीचे, जास्त दाबाचे शॉकअप ही वेगळी जात. फ्रेंच इंजिनिअर द कार्बोनच्या कल्पनेवर बिलस्टीननं ते १९५७ मध्ये मर्सिडीजला दिले. त्यात दाब पंचवीस-तीस बारपर्यंत असतो. १२ मिमीच्या रॉडवर २५ बार म्हणजे एकेक शॉकअप अठ्ठावीसेक किलोनं गाडीला वर ढकलत असतो, म्हणून मागची बाजू किंचित उचललेली दिसते. उष्णता लवकर जाते, त्याची पकड चटकन जाणवते. पण आपल्या वापराला दोन अडचणी. नळीची भिंतच पिस्टनची वाट असते, तिला उडालेल्या दगडानं पोचा पडला की शॉकअप अडकला. आणि किंमत देशी सेटच्या कित्येक पट. रोज सकाळी घाट चालवणारा आणि त्यातच आनंद मानणारा माणूस असेल तर मी मूळ स्प्रिंगवर असे शॉकअप जरूर बसवून देतो, आणि ती गाडी सुंदर चालते. तुम्हाला गरज नाही. कॉइलओव्हर, म्हणजे आटे फिरवून उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड, तर या चर्चेत आणूच नका, धूळ-पाण्यात त्याचे आटे दोन पावसाळ्यांत जाम होतात.

'कडक' शॉकअप मागताना एक लक्षात ठेवा. शॉकअप दबताना वेगळा जोर लावतो आणि उघडताना वेगळा. साधारणपणे उघडतानाचा दुप्पट-तिप्पट असतो. शिवाय हळू हालचालीला, म्हणजे वळणावर झुकताना किंवा ब्रेकवर नाक खाली जाताना, त्यानं घट्ट धरायला हवं. खड्ड्याच्या कडेवर चाक झटक्यानं वर जातं तेव्हा मात्र त्यानं सोडून द्यायला हवं. ही दोन्ही कामं झडपेत नीट वेगळी करणं यातच शॉकअप बनवणाऱ्याचं कसब. स्वस्तातला 'हेवी ड्यूटी' शॉकअप सगळीकडेच घट्ट असतो. उघडताना फार घट्ट असला तर महामार्गावरच्या त्या पांढऱ्या जाड पट्ट्यांवर बघा: पहिल्या पट्टीनं चाक वर गेलं, ते खाली यायच्या आत दुसरी आली, मग तिसरी. चाक वरच राहतं, गाडी पट्टीगणिक खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर कडकड करत जाते. नेमका त्याच जागी पुढे चौक असतो आणि ब्रेक लागायला चाक रस्त्यावर हवं असतं.

राहिली तुमची खडखड. शॉकअपचे पैसे द्यायच्या आधी गाडी गॅरेजमधल्या तपासणीच्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर उभी करा, चाकं जमिनीला टेकलेली हवीत. अँटी-रोल बारची (वळणावर गाडी झुकू न देणाऱ्या आडव्या दांड्याची) लिंक रॉड हातानं धरून जोरात हलवा. जरा जरी टकटक आली तर ती गेली. बारीक खड्ड्यांवरची खडखड माझ्याकडे दहातल्या सहा गाड्यांत लिंक रॉडची निघते, आणि ती शॉकअपच्या मानानं अगदी स्वस्त. मग लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या हाताच्या) मागच्या बुशमध्ये, म्हणजे सांध्यातल्या रबरात, टॉमी (लोखंडी पहार) घालून रेटा, रबर फाटलेलं असेल तर दिसेल. बॉल जॉईंट बघा. शेवटी बोनेट उघडून शॉकअपच्या वरच्या वाटीवर तळहात ठेवा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग पूर्ण डावी-उजवीकडे फिरवायला सांगा. हाताखाली टण्णकन उडी लागली तर वाटीचं बेअरिंग धरलंय. हे सगळं शॉकअपच्या वेळीच बदला, कारण त्यासाठी तेच नट परत उघडायचे असतात. वरची वाटी, बेअरिंग, बंप स्टॉप आणि डस्ट बूट नवीन. जुना बंप स्टॉप हातात घेतला की मातीसारखा चुरा होतो, तो नव्या शॉकअपवर घालणारे कारागीर अजून आहेत.

बसवताना तुम्ही स्वतः उभे राहा. तीन-चार जागी लक्ष द्या, कारागिराला राग आला तरी चालेल. रॉडचा वरचा नट एअर गननं सोडू-आवळू देऊ नका, रॉड आतल्या पिस्टनसकट गरगर फिरतो. आणि रॉड फिरतो म्हणून तो चमकता भाग पक्कडीनं धरू देऊ नका. गेल्या वर्षी एक मुलगा तीन महिन्यांत गळलेला नवा शॉकअप घेऊन आला होता. भिंग लावून बघितलं तर रॉडवर पक्कडीच्या दातांचे चार बारीक ओरखडे, आणि सीलची कड त्याच रेषेत कापलेली. खोकं आडवं पडून आलेलं असतं म्हणून शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-उघडून घ्यायचा. ब्रेकची नळी आणि एबीएसची वायर असेल तर ती परत तिच्याच पट्टीत अडकवली का बघा.

आणि मागच्या शॉकअपचा खालचा बोल्ट. गाडी जॅकवर, चाक लोंबतंय, अशा अवस्थेत तो कधीही पूर्ण आवळायचा नाही. त्याच्या बुशचं रबर त्या लोंबत्या कोनात पकडलं जातं, मग गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात फाटतं. हातानं घट्ट करून गाडी चाकांवर उतरवायची, दोनदा दाबून बसू द्यायची, आणि मग खालून टॉर्क रेंचनं आवळायचा. लोअर आर्मच्या बुशलाही हेच लागू. दहापैकी आठ गॅरेजमध्ये हे होत नाही, आणि दोष शॉकअपच्या कंपनीला जातो.

पुढचा शॉकअप नकलला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, दोन बोल्टनं धरलेला असतो. तो उघडला म्हणजे चाकाचा कोन हलला, म्हणून त्याच दिवशी अलाइनमेंट. पाचशे किलोमीटरनंतर परत एकदा, कारण नवीन रबर बसतं.

गाडी खाली-वर करायच्या नादात कायद्याचा कोपराही आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. मूळ मापाचा शॉकअप दुसऱ्या कंपनीचा बसवणं ही दुरुस्ती झाली. उंची बदलणं ही वेगळी गोष्ट, आणि अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर ती टेपनं मोजू शकतो.

नवे शॉकअप बसल्यावर पहिले दोन-तीन दिवस गाडी कडक वाटेल. तुमच्या हाताला मेलेल्या शॉकअपची सवय झालेली आहे, ती जायला तेवढा वेळ लागतो. पुढच्या फेरीला मागे आईला बसवून कोल्हापूर ते आंबोली जा, रॉडवर केबल टाय बांधलेली असू दे. सावंतवाडीत उतरल्यावर टाय कुठे आहे त्याचा फोटो आणि रविवारची मापं, रिकामी चार आणि भरलेली चार, एका कागदावर लिहून ठेवा. मागच्या स्प्रिंग बदलायच्या की नाही हे त्या कागदावरूनच ठरवा.